‘एचडी मेकअप’चे वेगळे पैसे आणि वर रिटचिंगचं बिल

स्टुडिओत पोर्ट्रेट काढून घ्यायला गेलेल्या एका मुलीकडून मेकअपचे साडेचार हजार वेगळे घेतले. पॅकेजच्या कागदावर ‘एचडी मेकअप, इंटरनॅशनल ब्रँड, सीनियर आर्टिस्ट’ असं छापलेलं. आरशात चेहरा झकास दिसत होता. फोटो आले तेव्हा डोळ्यांखाली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे, गाल राखाडी, मान चेहऱ्याहून चांगलीच गडद. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुमची स्किन डल आहे. रिटचिंग करून घ्या, एका फोटोचे तीनशे.’ रिटचिंग म्हणजे काढलेला फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करणं. पंधरा फोटोंचे आणखी साडेचार हजार गेले. त्या मुलीच्या त्वचेत काहीही खोट नव्हती. खोट मेकअपमध्ये होती, आणि ती झाकायचे पैसेही तिच्याकडूनच वसूल केले.

ते पांढरे चट्टे येतात सिलिकाच्या बारीक पावडरीमुळे. हाताला लावली तर दिसतसुद्धा नाही, पण फ्लॅशचा उजेड तिच्यावरून थेट लेन्सकडे परततो. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं एसपीएफवालं, म्हणजे उन्हापासून बचाव करणारं फाउंडेशन जाड थापलं तरी हेच होतं. फ्लॅश लेन्सच्या जितका जवळ तितका चट्टा ठळक. बाजूला मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारी कापडी पेटी असेल तर तो बराच लपतो. स्टुडिओत रोज काम करणाऱ्याला हे ठाऊक असतंच, त्यामुळे ‘आमच्या लक्षात आलं नाही’ हे ऐकून घेऊ नका. जाणकार माणूस आधी ब्लॉटिंग पेपरने कपाळ, नाक, हनुवटीवरचं तेल टिपतो आणि मग अगदी चिमूटभर पावडर दाबून बसवतो. चमक दिसली की वर पावडर, पुन्हा चमक की पुन्हा पावडर, असं चाललं असेल तर तिथेच थांबवा.

राखाडी गालांचं कारण वेगळं. ‘गोरं दाखवू’ म्हणून त्वचेपेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन लावतात. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या रंगात पिवळसर झाक असते. वर गुलाबी झाकेचं फाउंडेशन बसलं की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. छटा मनगटावर बघायची नसते. जबड्याच्या कडेला, मानेपर्यंत ओढून, खिडकीच्या उजेडात बघायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण काही फाउंडेशन हवेत गडद होतात. पिवळ्या बल्बच्या, म्हणजे साधारण ३००० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) उजेडात केलेला मेकअप ५५०० केल्विनच्या पांढऱ्या फ्लॅशखाली वेगळाच दिसतो. आरशातला चेहरा आणि फोटोतला चेहरा जुळला नाही तो यामुळेही.

‘एचडी’ म्हणजे ‘हाय डेफिनिशन’, पण हा शब्द छापायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. ‘एअरब्रश’चं निदान डोळ्यांनी तपासता येतं: छोटा कॉम्प्रेसर हवा, त्याला नळीने जोडलेली गन हवी आणि फाउंडेशन फवाऱ्याने बसायला हवं. दोन फवारे मारून बाकीचं काम स्पंजाने उरकलं तर ते साध्या मेकअपच्या दराचं काम आहे.

किटमधली बाटली हातात घेऊन बघा, संकोच करू नका. भारतात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि वापराची मुदत असावी लागते. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. बॅच नंबर खरवडलेला, पंपाभोवती वेगळ्याच रंगाचं सुकलेलं फाउंडेशन, झाकण घट्ट न बसणारं, असं दिसलं तर ब्रँडच्या बाटलीत स्वस्त माल भरल्याचा संशय घ्या. लेबलवरच्या उघड्या डबीच्या चिन्हात ‘12M’ असेल तर उघडल्यापासून बारा महिने, इतकीच तिची मुदत. मस्कारा त्याहून लवकर बाद होतो. एकाच मस्काराचा ब्रश सगळ्यांच्या पापण्यांवर फिरत असेल तर उठून जा. डोळे आल्यावर फोटोंचं काय करणार?

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: मेकअप नेमका कोण करणार, फाउंडेशन कुठलं, किती वेळ देणार, बिघडलं तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, आणि रिटच न केलेले मूळ फोटो मिळणार की नाही. नमुन्याचे फोटोही रिटच न केलेलेच मागा. पोर्ट्रेटचा नीट मेकअप पाऊण ते एक तासाचं काम आहे, केस वेगळे. त्वचा नाजूक असेल तर एक-दोन दिवस आधी कानामागे थोडं फाउंडेशन लावून बघायला सांगा.

मेकअप झाला की शूटच्या दिव्यांखाली एक फोटो काढायला लावा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून डोळ्यांखालचा भाग, नाकाच्या कडा, जबड्याची रेघ तपासा. चट्टा दिसला तर ओलसर स्पंजाने पावडर उचलता येते, पाच मिनिटांचं काम. मेकअपची उरलेली रक्कम हा फोटो बघूनच द्या.

पैसे आधीच गेले असतील तर मूळ फोटो, बिल आणि चॅट जपून ठेवा. रिटचिंगला होकार देण्याआधी मूळ फाइल मागून घ्या, नाहीतर पुरावाच पुसला जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुम्ही सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.