उपासनेला कोट की कुर्ता?

पुतण्याचे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा चर्चमधला विधी, पुढच्या महिन्यात आहे. परवा लातूरहून त्याचा फोन आला, "काका, सूट शिवू का कुर्ता-पायजमा?" या पेचातून मी गेलो आहे. दहा-बारा वर्षे कोट-टाय लावून उपासनेला गेलो, आणि आता सहा-सात वर्षे सुती कुर्ता घालतो. त्यामुळे दोन्हीकडचे अनुभवाने सांगू शकेन.

आधी कोटाच्या बाजूने. कोट म्हणजे साहेबाची नक्कल असे आपल्यातच कुणी म्हणते, ते मला पटत नाही. माझे वडील खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. एकच काळा कोट. शनिवारी रात्री कोळशाची इस्त्री पेटायची, रविवारी सकाळी तो कोट अंगावर चढायचा. ज्या गावात आजोबांना धुतलेले, इस्त्रीचे कापड घालून वाड्यांवरून जाण्याची चोरी होती, त्याच गावातून वडील बायबल काखेत धरून ताठ मानेने मंदिरात (आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो) जात. बाबासाहेबांच्या कोटाचा अर्थ मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वडिलांच्या कोटाचा अर्थही काहीसा तोच होता. म्हणून जुनी माणसे कोट सोडत नाहीत, तेव्हा त्यांना हसू नये.

कुर्त्याच्या बाजूनेही इतिहास आहे. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले, तेव्हाही त्यांच्या डोक्यावर पागोटेच होते. कॅथलिक बंधूंकडे तर १९६९ साली रोमने भारतासाठी मिस्सातल्या, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेतल्या, काही बदलांना मान्यता दिली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे ही आपली रीत त्यात आली. तेव्हा देशी पोशाखात भक्ती कमी पडते, ही शंका मनातून काढून टाकावी.

उन्हाचे वेगळे काय सांगू? एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली पंखाही गरम हवाच फेकतो. तरी एवढ्याने मी कोट सोडला नसता. घाम सहन होतो.

मला सहन झाली नाही ती खुर्ची.

शहरातल्या मंदिरात बाके असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. पण अंबड तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही कापणीच्या सणाला गेलो होतो. लहानशी मंडळी (चर्चचा स्थानिक समुदाय), खाली सतरंज्या, भिंतीला टेकून चार प्लास्टिकच्या खुर्च्या. मी दारात चपला-बुटांच्या ढिगाशी वाकून नाड्या सोडतोय, तोवर आतून एक तरुण स्वयंसेवक धावत आला. त्याने माझा कोट पाहिला. मग खुर्चीवर बसलेल्या एका म्हातारीला म्हणाला, "आज्जी, उठा बरं, साहेबांना बसू द्या." ती उठली. गुडघ्यावर हात दाबत सतरंजीवर टेकली. मी नको नको म्हणालो, तर तीच म्हणाली, "बसा ओ साहेब, तुमची पँट चुरगाळंल."

त्या दिवशीचा संदेश, म्हणजे पाळकांचे प्रवचन, मला आठवत नाही. दीड तास त्या बाईचा पदर घेतलेला माथा माझ्या गुडघ्याच्या उंचीला होता, तेवढेच आठवते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय मी संडे स्कूलपासून वाचत आलो आहे. भपकेदार कपड्यांच्या माणसाला चांगली जागा देता आणि गरिबाला पायांशी बसायला सांगता, असे तो मंडळीला खडसावतो. त्यातला भपकेदार कपड्यांचा माणूस कधी मीच असेन, हे डोक्यात आले नव्हते. चूक त्या पोराची नव्हती, त्याने पाहुण्याचा मान राखला. मानाचे कारण माझ्या अंगावर होते.

पुन्हा गेलो तेव्हा तपकिरी सुती कुर्ता घालून गेलो. दाराजवळ सतरंजीवर जागा मिळाली, कुणी उठले नाही. पेटी-तबल्यावर भजन सुरू झाले तेव्हा मांडी घालून टाळी देता आली. प्रार्थनेला गुडघे टेकताना शिवण ताणली नाही. हा माझा अनुभव झाला, तुमच्या मंडळीत कदाचित वेगळे असेल.

पण कुर्ता म्हणजे कोणताही कुर्ता नव्हे. पांढरी कडक खळ, वर जाकीट, गळ्यात उपरणे असा थाट केला की आपल्याकडे माणूस पुढारी दिसतो, आणि पुढाऱ्याला खुर्ची कोटवाल्याच्याही आधी येते. रंगीत, बिनखळीचा, दोनदा धुतलेला सुती कपडा बरा.

जीन्स आणि टी-शर्टबद्दल माझी तक्रार थोडी आहे. स्वच्छ असेल तर चालते. फक्त पाठीवर छापलेले काही नको. जमिनीवर ओळीत बसल्यावर मागचा माणूस गीतांच्या पुस्तकाऐवजी तुमची पाठ वाचत राहतो.

बायकांच्या कपड्यांबद्दल मी बोलण्यापेक्षा पत्नीचे सांगतो. लग्नातली पैठणी ती उपासनेला नेसत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात भारी वस्त्रांविषयी पौल सांगतो म्हणून आहेच, पण तिचे मुख्य कारण असे की शेजारची बाई प्रार्थनेत डोळे मिटत नाही, काठच पाहत बसते. पत्नी सुती साडी नेसते, प्रार्थनेला पदर डोक्यावर घेते. मुलगी सलवार-कमीज घालते आणि ओढणी घेते. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दोघी पांढरे घालतात. यावरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही.

कोट मी टाकून दिलेला नाही. लग्नाला, शहरातल्या मोठ्या मंदिरात, आणि नाताळच्या रात्री घालतो. नवा सूट शिवण्याआधी मात्र तुमच्या मंडळीत बाके आहेत की सतरंजी, एवढे एकदा पाहून या.

पुतण्याच्या मंडळीत सतरंजी आहे. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतील तेव्हा त्याला गुडघ्यांवर असायचे आहे. म्हणून मी त्याला म्हटले, कुर्त्याचे कापड आण, शिवायला टाकण्याआधी एकदा पाण्यातून काढ, नाहीतर नंतर आटते. शिंप्याला सांगून खिसा मोठा ठेवून घे, गीतांचे पुस्तक बसले पाहिजे. आणि डिसेंबरात थंडी पडली की माझा कोट घेऊन जा, खांद्यात तुला बरोबर बसेल.