आईच्या नावाचा तारा : कागद सुंदर, दावा खोटा

आई गेल्यावर वर्षभराने दादाने एका ऑनलाइन सेवेकडून तिच्या नावाने तारा 'घेतला'. कंपनीचं नाव लिहीत नाही, हाच धंदा करणाऱ्या आणखीही आहेत.

पाकीट उघडताना हात थरथरले. जाड कागद, सोनेरी किनार, मधोमध आईचं पूर्ण नाव. त्याखाली विषुवांश आणि क्रांती, म्हणजे ताऱ्याची आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे, सोबत देवयानी तारकासमूहाचा नकाशा आणि एका ठिपक्याभोवती लाल वर्तुळ. छपाई खरंच देखणी आहे. मी आकाशनिरीक्षण करते, म्हणून ते आकडे सहा इंची दुर्बिणीवर तपासले. तारा तिथेच सापडला. प्रत, म्हणजे तेजाचं माप, साधारण दहा; हा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात, त्यामुळे दुर्बिणीशिवाय तो दिसणार नाही. हे त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही.

माझा खरा राग आहे तो कंपनीच्या 'अधिकृत नोंद' या शब्दांवर. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो. १९१९ साली स्थापन झालेल्या या संघाने २०१६ मध्ये ताऱ्यांच्या नावांसाठी वेगळा कार्यगट नेमला. मीन राशीतल्या झीटा ताऱ्याचं 'रेवती' आणि मेषेतल्या ४१ क्रमांकाच्या ताऱ्याचं 'भरणी' हे नाव त्याच्या यादीत आहे. २०१९ मध्ये देशोदेशीच्या लोकांकडून नावं मागवली, तेव्हा एचडी ८६०८१ या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' नाव मिळालं. संघ पैसे घेऊन नाव देत नाही. लघुग्रहाचं नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्याचा, तोही कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळाल्यावर, आणि नाव सोळा अक्षरचिन्हांत बसायला हवं. तेही विकत मिळत नाही.

मी कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की नोंद 'आमच्या स्वतःच्या वहीत' आहे. मग हे आधीच का नाही सांगितलं? आठवण म्हणून भेट द्या, एवढंच म्हणाला असतात तरी दादाने घेतलंच असतं. दुःखात असलेल्या माणसाला 'अधिकृत' म्हणून फसवू नये. पाचपैकी दोन गुण, तेही कागदाला आणि अचूक आकड्यांना.

दादाला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पण तारा आहे ना तिथे? दाखव." बराच वेळ तो दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. प्रमाणपत्र भिंतीवर आहे. आईच्या नावाखाली मी पेन्सिलीने त्या ताऱ्याचा टायको या खगोलशास्त्रज्ञांच्या तारा-यादीतला क्रमांक लिहिलाय. पुढे घरात कुणाला शोधावासा वाटला, तर त्यावरून सापडेल.