चष्मा गेला, बाटली आली : लॅसिकनंतरचे नऊ महिने

गेल्या शनिवारी नवव्या महिन्याच्या तपासणीसाठी पुण्याला गेलो, तेव्हा रुग्णालयाच्या काउंटरवर, केसपेपरची मुदत सहाच महिन्यांची असते असे सांगून नव्या केसपेपरचे ३०० रुपये मागण्यात आले. चष्म्याचा नंबर उतरविण्याच्या लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेसाठी दोन्ही डोळ्यांचे मिळून ७८,००० रुपये भरले, त्या वेळच्या पावतीच्या मागे वर्षभराच्या तपासण्या विनामूल्य असल्याचे छापलेले आहे, आणि ती पावती मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून सोबत नेली होती. अर्धा तास वाद झाला, व्यवस्थापक आले, पैसे माफ झाले. तरी सोलापूरला परतेपर्यंत डोके शांत होईना, म्हणून गाडीतच नऊ महिन्यांचा हिशेब मांडला. तोच येथे देत आहे.

माझे वय ३४. नंबर उजव्या डोळ्याला उणे ५.२५, डाव्याला उणे ४.७५ आणि थोडा सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणारा नंबर. अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. एप्रिलमध्ये पारा ४३ अंशांवर गेला की चष्मा नाकावर कसा टिकतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. म्हणून मध्यंतरी दोन वर्षे महिन्याने बदलायच्या सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्या. त्यांचा खरा शत्रू ऊन नव्हते, टॉवेल होते. मागाच्या खात्यात कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि लेन्सखाली त्यातला एक जरी गेला तरी पुढचा तासभर दुसरे काही सुचत नाही. लेन्सला नळाचे किंवा साठवणीचे पाणी लागू द्यायचे नाही, कारण त्यातील अकांथामीबा नावाचा सूक्ष्मजीव बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतो. म्हणजे हात धुऊन कोरडे पुसणे आले, आणि दिवसाला हजारो टॉवेल निघणाऱ्या आमच्या कारखान्यात तंतू न सोडणारे फडके मात्र एकही सापडत नसे.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी दोन आठवडे लेन्स बंद ठेवून पुन्हा चष्मा लावला, कारण लेन्समुळे बुबुळाचा आकार किंचित बदललेला असतो व मोजमाप चुकते. माझ्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी ५२८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरली. त्यातून वरच्या झाकणाचे, म्हणजे फ्लॅपचे ११० आणि नंबर उतरविण्यासाठी लेझरने घासायचे साधारण ७० मायक्रॉन वजा केले की ३४८ उरतात. किमान २५० तरी शिल्लक राहिलेच पाहिजेत आणि अनेक डॉक्टर ३००च्या खाली जात नाहीत, हे कळल्यावर मला ही वजाबाकी पटली. विमा कंपनीची वजाबाकी मात्र पटली नाही. साडेसात डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे नंबर मोजायचे एकक) कमी नंबर उतरविण्याचा खर्च विम्यात धरला जात नाही, त्यामुळे माझा दावा नंबर कमी पडला म्हणून नाकारला गेला. आयुष्यभर ज्या नंबराला लोकांनी ‘बाटलीचे बूड’ म्हटले, तो अखेर इथे अपुरा ठरला.

शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये झाली. तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वीस मिनिटांत बाहेर आलो आणि दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर भिंतीवरील घड्याळ दिसले. फ्लॅप सरकू नये म्हणून डोळे चोळायचे नव्हते, त्यासाठी कारखान्यातून आठ दिवसांची रजा घेतली. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला गेलो, तेव्हा गड्ड्यावरच्या, म्हणजे तिथल्या जत्रेतील प्रत्येक दिव्याभोवती पिसाऱ्यासारखे वलय दिसत होते आणि होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम मला इतरांपेक्षा दुप्पट पाहायला मिळाले. रात्री पुणे रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचीही तीच गत होती. हा त्रास मार्चपर्यंत ओसरला.

ओसरला नाही तो कोरडेपणा. फ्लॅप कापताना कॉर्नियातील बारीक नसाही कापल्या जातात, त्यामुळे डोळ्याला स्वतःचा कोरडेपणा नीट जाणवत नाही, पापणी कमी लवते आणि अश्रूही कमी येतात. या नसा पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात. आधीच्या तपासणीत पापणीत कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजले, तेव्हा पाच मिनिटांत ११ मिलिमीटरच ओल आली होती व डॉक्टरांनी तसे सांगितलेही होते. मी तेव्हा ७८,००० कसे उभे करायचे याच विचारात होतो, त्यामुळे तो दोष रुग्णालयाच्या खाती टाकता येत नाही.

मात्र कृत्रिम अश्रूंच्या बाटलीविषयी मला तक्रार करायची आहे. बाटलीतून पडणारा एक थेंब ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात फार तर ३० मावतात. उरलेला भाग गालावरून ओघळतो आणि आपण तो पैसे मोजून पुसतो. दहा मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २०० थेंब धरा. सुरुवातीला दिवसाला सहा वेळा, दोन्ही डोळ्यांत मिळून १२ थेंब लागत, तेव्हा बाटली १६ दिवसांत संपे व मी खर्चाच्या नावाने ओरडत असे. आता दिवसाला दोनच वेळा, म्हणजे चार थेंब लागतात. पण उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची असल्याने १२० थेंब वापरून ८० थेंब फेकावे लागतात. डोळा जसजसा बरा होत गेला, तसतशी नासाडी वाढत गेली. बाटलीवर उघडल्याची तारीख मी बॉलपेनने लिहितो, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

फेब्रुवारीत मी माझ्या वहीत ‘पैसे पाण्यात’ अशी नोंद केली होती. ती एप्रिलमध्ये खोडली. त्या महिन्यात एका दुपारी मागाच्या खात्यात स्टॉकची मोजणी करताना घाम डोळ्यांपर्यंत ओघळत होता, तंतू उडत होते, आणि चार तासांनंतर माझ्या लक्षात आले की डोळ्यांचा विचार एकदाही मनात आला नाही. वीस वर्षांत असे प्रथमच घडले होते.

तरीही खर्चाचा आकडा लपविण्यात अर्थ नाही. सिलिंडरच्या लेन्स व सोल्यूशन यांवर माझे वर्षाला ११,००० रुपये जात, म्हणजे लेझरचे पैसे सात वर्षांत वसूल होतील. चष्म्याशी तुलना केली, तर दर दोन वर्षांनी ६,५०० रुपये या दराने २४ वर्षे लागतील, आणि त्याच्या पुष्कळ आधी चाळिशी लागून वाचायचा चष्मा येईलच, कारण तो दोष डोळ्यातील भिंगाचा आहे व कॉर्निया घासून तो जात नाही. आमचे वडील ६२ वर्षांचे आहेत, नंबर उणे ३ आहे. सकाळी चष्मा काढून ठेवतात आणि उघड्या डोळ्यांनी वर्तमानपत्र वाचतात. ती सोय मी ७८,००० रुपये देऊन विकून आलो आहे, हे मला कोणत्याही समुपदेशकाने सांगितले नव्हते.

धाकट्या बहिणीने विचारले, तेव्हा तिला थांबायला सांगितले. तिचा नंबर उणे २ आहे, गेल्या वर्षात तो ०.५ ने वाढला, आणि वर्षभर स्थिर नसलेल्या नंबरावर लेझर करून घेण्यात शहाणपण नाही. तिचे काम बँकेत, वातानुकूलित खोलीत चालते. तिथे चष्मा घसरतही नाही. तिने नवी पेठेतून १,४०० रुपयांची नवी फ्रेम आणली.

शनिवारच्या तपासणीत डॉक्टरांनी थेंब आता रोज न घालता खुपल्यासारखे वाटेल तेव्हाच घालायला सांगितले. म्हणजे महिन्याकाठी दहा-बारा थेंबांसाठी एक बाटली उघडायची. घराजवळच्या औषध दुकानात पाच मिलिलिटरची बाटली मागितली. दुकानदाराने शोधून दिली. किंमत दहावालीपेक्षा चाळीस रुपयांनी कमी होती.