आयपीएमआयने सर्व्हरवर दुरून नजर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आयपीएमआय म्हणजे सर्व्हरवर दुरून देखरेख ठेवण्याचं प्रमाणित तंत्र. एएसटी२५०० चिपवरचा बीएमसी (सर्व्हरच्या बोर्डवरचा छोटा, वेगळा देखरेख संगणक), त्याचं स्वतंत्र नेटवर्क पोर्ट आणि दुसऱ्या लिनक्स मशीनवर आयपीएमआयटूल हा प्रोग्राम (पुढे अवतरणात येणाऱ्या कमांड याच्याच), एवढ्यावर हे सगळं चालतं. बीएमसीला स्टँडबाय वीज मिळते, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी तो उत्तर देतो. तापमान आणि पंख्यांचे आकडे तर मिळतातच, पण माझ्या मते खरी किंमत आहे ती इव्हेंट लॉगची, म्हणजे घडलेल्या घटनांच्या नोंदवहीची, एसईएलची. तो बीएमसीतच पडून राहिला तर मात्र काही उपयोग नाही.

कारण जागा. एक नोंद १६ बाइटची असली तरी एकूण जागा मर्यादित असते, आणि ती भरली की बऱ्याच बोर्डांवर नवीन नोंदी घेणंच थांबतं. म्हणून क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) दर तासाला ‘एसईएल ईलिस्ट’ चालवून नोंदी सिसलॉगकडे (लिनक्सची लॉग साठवणारी सेवा) पाठवाव्यात. ‘एसईएल इन्फो’मध्ये वापर ७५ टक्क्यांवर गेला, की आधी सिसलॉगच्या फाइलमध्ये नोंदी नीट आल्या का बघायचं, मगच ‘एसईएल क्लिअर’.

घड्याळ सुरुवातीलाच लावून घ्या. बीएमसीचं घड्याळ वेगळं असतं आणि ते यूटीसीवर असेल तर सकाळी ८:४० ला घडलेली गोष्ट ३:१० ची दिसते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगशी ताळा जुळत नाही तो बहुतेक वेळा यामुळेच. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) लावा आणि ‘एसईएल टाइम गेट’ने खात्री करा. वेळेच्या जागी ‘प्री-इनिट’ दिसलं तर ती नोंद घड्याळ लागायच्या आधीची आहे.

लॉग किती बोलका असतो बघा. ‘पॉवर सप्लाय, एसी लॉस्ट, असर्टेड’ (वीज गेली) आणि थोड्या वेळाने त्याचीच ‘डिअसर्टेड’ (वीज परत आली). दोनपैकी एक पॉवर सप्लाय यूपीएसवर आणि दुसरा थेट मेन्सवर असेल तर लोडशेडिंगच्या वेळी अशी एकाचीच जोडी दिसायला हवी. दोन्ही सप्लायची नोंद एकाच क्षणी पडली, तर दोन्ही केबल एकाच लाइनवर आहेत आणि रिडंडन्सी, म्हणजे एक गेला तर दुसऱ्याचा आधार, नुसती नावाला आहे.

सर्वांत जास्त कटकट पंख्यांची. मूळ पंखे काढून कमी वेगाचे, शांत पंखे बसवले की आरपीएम खालच्या मर्यादेखाली जातो. बीएमसीला पंखा बंद पडल्यासारखं वाटतं, तो सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो, आकडा वर येतो, वेग उतरवतो, आणि पुन्हा तेच. आवाज होतो तो होतोच, वर एसईएलही या नोंदींनी भरून जातं. उपाय: ‘सेन्सर थ्रेश फॅन१ लोअर १०० २०० ३००’. हे तीन आकडे क्रमाने नॉन-रिकव्हरेबल, क्रिटिकल आणि नॉन-क्रिटिकल मर्यादांचे. ते पंख्याच्या किमान वेगाच्या खाली ठेवा. काही बोर्डांवर बीएमसी रीसेट झाल्यावर ही मर्यादा जुन्या जागी जाते, तेव्हा पुन्हा तपासा.

सगळ्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या ‘एसडीआर ईलिस्ट’ला प्रत्येक वेळी काही सेकंद लागतात. ‘एसडीआर डंप’ने सेन्सरच्या यादीची एकदा फाइल करून पुढे ‘-एस’ने ती दिली की फरक लगेच कळतो. दर मिनिटाला एकदा विचारणं पुरे. सतत विचारत राहिलं तर अशक्त बीएमसी अडकतो. मग सर्व्हरवरूनच ‘एमसी रीसेट कोल्ड’ द्या, चालू कामाला धक्का लागत नाही.

सुरक्षेत तडजोड नको. आयपीएमआयचं पोर्ट, यूडीपी ६२३, इंटरनेटवर कधीच उघडू नका. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करता येतो असं त्याचं रूप) समोरच्याला मिळतो. दोष प्रोटोकॉलमध्येच असल्याने फर्मवेअर बदलून तो जात नाही. वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला अलग कप्पा), बाहेरून यायला व्हीपीएन, सायफर ० (पासवर्ड न तपासता आत घेणारा पर्याय) बंद आणि पासवर्ड पूर्ण २० अक्षरी. त्याहून लांब चालतच नाही. पोर्ट ‘फेलओव्हर’वर ठेवू नका, ‘डेडिकेटेड’च ठेवा. नाहीतर केबल निघालेली असताना बीएमसी नेहमीच्या नेटवर्कवर जाऊन बसतो.

एचबीएमागच्या (डिस्क जोडायच्या कार्डामागच्या) डिस्क बीएमसीला सहसा दिसत नाहीत, त्यासाठी डिस्कची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल लागतंच. रॅममधल्या, आपोआप दुरुस्त होणाऱ्या ईसीसी चुकाही काही बोर्डांवर ठरावीक संख्या ओलांडल्यावरच एसईएलमध्ये येतात. रॅम खराब होत चालल्याचं आधी कळावं असं वाटत असेल तर अशा चुका नोंदवणारं रासडिमन जोडीला चालू ठेवा.