व्हीगन चीजच्या नावाखाली आम्हाला दूध खाऊ घातलं

पाकिटावर हिरवा ठिपका आहे म्हणजे आत दूध नाही, असं कुणी विक्रेता सांगत असेल तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका. तो ठिपका शाकाहाराचा आहे. दूध, तूप, खवा, पनीर सगळं त्यात बसतं. आम्हाला हे पक्कं ठाऊक होतं. पण आम्हाला फसवणाऱ्या बाईंनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ठिपक्यावर न थांबता पुढची सगळी तयारी करून ठेवली होती.

माझ्या भाच्याला दुधाची ॲलर्जी आहे. लॅक्टोज न पचणं हा वेगळा प्रकार. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात, माणूस हैराण होतो. ॲलर्जीत शरीर दुधातल्या प्रथिनांवरच उलटतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही अडकतो. घरात असं मूल असलं की बाहेरचं खाणं जवळपास बंद होतं आणि पावाच्या पाकिटावरचीसुद्धा बारीक अक्षरं वाचायची सवय लागते, कारण बऱ्याच पावांत दुधाची पावडर असते. मित्रांच्या वाढदिवसाला हा पोरगा डब्यात पोहे घेऊन जातो आणि बाकीचे पिझ्झा खातात. त्यामुळे सुट्टीत माझ्याकडे आला की त्याची एकच फर्माईश असते: "मावशी, तार सुटणारं चीज घालून टोस्ट कर ना."

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या बाईंची जाहिरात यायची. घरगुती काजू चीज, दूध नाही, लॅक्टोज नाही, कोलेस्टेरॉल नाही. दोनशे ग्रॅमला ४५० रुपये. झिपच्या पाऊचवर नीट छापलेला स्टिकर होता: काजू, खोबरेल तेल, टॅपिओका स्टार्च, लिंबाचा रस, मीठ. सरकारमान्य व्हीगन चिन्ह, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच आत नाही असं सांगणारं, होतं आणि खाली चौदा आकडी परवाना क्रमांकही. तरीही मी फोन केला आणि मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, आवड-नावडीचा प्रश्न नाही, असं स्पष्ट सांगितलं. उत्तर आलं, "अहो मॅडम, निर्धास्त द्या. माझ्या सख्ख्या पुतणीला दूध चालत नाही, तिच्यासाठीच तर हे सुरू केलं." त्या पुतणीची कथा त्यांनी नंतर आणखी तिघींना सांगितल्याचं कळलं. एकीला सांगताना ती भाची झाली होती.

टोस्ट झकास झाला. बारीक चिरलेली सिमला मिरची, कांदा, मक्याचे दाणे, थोडं तिखट, वर किसलेलं चीज आणि झाकण ठेवून मंद आचेवर तवा. चीज वितळलं, कडेला तपकिरी ठिपके आले आणि घास तोडल्यावर वीतभर तार सुटली. पोरगा खूश. मग मानेवर खाज सुरू झाली, बघता बघता पोटावर गांधी उठल्या आणि वरचा ओठ सुजला. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं बहिणीने पिशवीत ठेवलेलीच होती, दवाखाना जवळ होता आणि रात्रभर देखरेखीखाली राहून तो घरी आला. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

ती तार मात्र डोक्यातून जाईना, म्हणून नंतर मी याच्या मुळाशी गेले. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं. चीजमध्ये या केसिनचं जाळं तयार होतं आणि कॅल्शियम ते बांधून धरतं. उष्णता लागली की आतली चरबी वितळते, जाळ्याचे धागे एकमेकांवरून सरकतात, आणि आपल्याला दिसते ती तार. काजू, खोबरेल तेल आणि स्टार्चच्या चीजमध्ये असलं जाळंच नसतं. खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होतं, स्टार्च फुगून चिकट होतो आणि सगळं मिळून टोस्टवर दाट सॉससारखं बसतं. वर कोरडी साय धरते, डाग लवकर पडत नाहीत. थोडं ताणलं जातं, पण ते खिरीतल्या साबुदाण्यासारखं लिबलिबीत. चांगली व्हीगन चीजं बाजारात आहेत आणि काही छान वितळतातही, पण फक्त काजू-खोबरेल लिहिलेलं चीज हॉटेलातल्या पिझ्झासारखी वीतभर तार देत असेल तर तो घास मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. आता तर या मुद्द्यावर मी अडूनच बसते. विक्रेत्यांच्या व्हिडिओत ती तार कौतुकाने दाखवलेली असते, ती बघूनच मी पुढे सरकते.

बाईंचं बिंग त्यांनीच फोडलं. मी जाब विचारल्यावर आधी "काजूची ॲलर्जी असेल" असं आलं. भाचा काजूकतली सोडून काजूचं सगळं खातो, आणि काजूकतली सोडतो ती तिच्यात कधी तूप तर कधी दूध पावडर निघते म्हणून. मग त्यांनी एक व्हिडिओ पाठवला, त्यात चीजवर आयोडीनचे थेंब टाकल्यावर ते निळं-काळं होतं. "बघा, शुद्ध आहे." आयोडीनने स्टार्च कळतो, एवढंच. दूध आहे की नाही याबद्दल आयोडीन काहीच बोलत नाही. शेवटी चिडून त्यांनी लिहिलं की यात बटरफॅट शून्य आहे, हे पूर्ण व्हेजिटेबल फॅटचं आहे, आणि पुरावा म्हणून मूळ पाकिटाचा फोटो टाकला. घरगुती चीजला मूळ पाकीट कुठून आलं, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नसावा. किलोच्या ब्लॉकचं ते वेष्टन. 'व्हेजिटेबल फॅट'वर बोट ठेवलेलं, आणि बोटाच्या शेजारीच पुढचा शब्द: मिल्क सॉलिड्स.

म्हणजे ते ॲनालॉग चीज होतं. छोट्या सँडविचवाल्यांकडे, स्वस्त पिझ्झावर ते सर्रास वापरलं जातं. यात दुधातली महागडी चरबी काढून तिच्या जागी पामसारखं वनस्पती तेल घालतात, पण तार यावी म्हणून केसिन किंवा दुधाची पावडर ठेवतात. तसं लिहून विकलं तर त्यात बेकायदा काही नाही. बाई ते ब्लॉक ठोक बाजारातून आणायच्या, किसायच्या आणि पाऊचमध्ये भरायच्या. किलोभर मालाला त्या जेवढं मोजत असतील, त्याहून जास्त आम्ही पावशेराहूनही कमी मालाला मोजत होतो.

'नॉन-डेअरी' या शिक्क्यातही हीच मेख आहे. चहा-कॉफीत घालायच्या कित्येक नॉन-डेअरी पावडरींत सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधाचंच प्रथिन. 'लॅक्टोज-फ्री' म्हणजे साखर मोडलेली. प्रथिनं जागच्या जागी. टेबल मार्जरीनच्या काही डब्यांतही दुधाचे घटक निघतात, तेव्हा 'हे काही बटर नाही' म्हणून पावभाजीवर ते घालू नका. आणि "नीट भाजलं की दूध बाधत नाही" असं सांगणारी एक काकू प्रत्येक कुटुंबात असते. केसिन उष्णतेला फारसं बधत नाही. काही मुलांना केकमध्ये भाजलेलं दूध चालतं हे खरं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, काकूंनी नव्हे.

परवाना क्रमांकाची गंमत पुढे कळली. चौदा आकड्यांत पहिला १ असेल तर परवाना आणि २ असेल तर छोट्या उद्योगाची नोंदणी. चौथा-पाचवा आकडा वर्ष सांगतात. 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव आणि पत्ता दिसतो. आमच्या पाऊचवरचा क्रमांक खरा निघाला, फक्त तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका मसालेवाल्याचा होता. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसणार. क्रमांक आहे एवढ्यावर थांबायचं नाही. त्यासमोरचं नाव आणि आपण ज्याला पैसे देतोय त्याचं नाव जुळतंय का, ते बघायचं. व्हीगन चिन्हाचंही तसंच. २०२२ च्या व्हीगन खाद्यपदार्थांच्या नियमांनुसार हिरव्या चौकटीतला 'व्ही' आणि त्यावरची पालवी लावण्याआधी मंजुरी लागते. पण स्टिकर छापणारा मंजुरी विचारत नाही. विक्रेत्याकडे मंजुरीचा कागद मागा. खरा असेल तो लगेच पाठवतो. पाठवायला का-कू सुरू झाली की फोन ठेवा.

आम्ही तक्रार केली. या बाबतीत एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. उघडलेलं पाऊच पुरावा म्हणून लंगडं पडतं, कारण त्यात मागाहून काय मिसळलं हे कुणी सांगू शकत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सीलबंद करतात. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. चुकीचं लेबल लावून विकल्याचा दंड कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाऊच, स्टिकर, पैसे भरल्याची नोंद आणि चॅट जपून ठेवा. बाईंनी आपले निम्मे मेसेज रातोरात पुसले. माझे स्क्रीनशॉट आधीच काढलेले होते.

घरी आता चीज आम्हीच करतो. अर्धा कप काजू कोमट पाण्यात तासभर भिजवून, एक कप ताज्या पाण्यात अगदी गुळगुळीत वाटायचे. त्यात तीन मोठे चमचे टॅपिओका स्टार्च, एक पाकळी लसूण, मीठ, लिंबू, रंगापुरती हळद. स्टार्च नसेल तर साबुदाणा दळून बारीक चाळणीतून काढला तरी निभतं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी गुठळ्या होतात आणि सगळं बिघडल्यासारखं दिसतं. हात थांबवायचा नाही. चारपाच मिनिटांत गोळा चकचकीत होऊन कढई सोडतो. टोस्टवर, पास्त्यात, मसाला डोशात मस्त लागतं. न्यूट्रिशनल यीस्ट मिळालं तर चमचाभर घालावं, चवीला थोडा उग्रपणा येतो. ज्यांना काजूच चालत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये; त्यांच्यासाठी उकडलेला बटाटा आणि गाजर वाटून स्टार्चबरोबर असंच शिजवता येतं. तार बेताचीच सुटते. भाचा आधी नाक मुरडायचा, आता लोणच्याचा खार घालून मागतो.

पैसे आम्हाला परत मिळाले, वर "माझ्याकडून भेट समजा" असा मेसेज. पण धंदा बंद झालेला नाही. शेजारच्या सोसायटीतल्या मैत्रिणीने परवा तिच्या ग्रुपवरची जाहिरात मला पाठवली. फोटो तोच, वीतभर तारेचा. नाव बदलून 'प्लांट-बेस्ड मोझरेला' केलंय, भाव ५२० रुपये झालाय आणि या वेळी स्टिकरवर परवाना क्रमांकच नाही. मैत्रिणीने मंजुरीचा कागद मागितला, तर तिला ग्रुपमधून काढून टाकलं.