एथिक्स कमिटीत बसणाऱ्यांसाठी स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश

ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या हॉस्पिटलांत नव्या औषधांच्या ट्रायल चालतात, तिथे एथिक्स कमिटी, म्हणजे ट्रायल नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासणारी समिती, लागतेच. २०१९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिच्यात किमान ७ सदस्य हवेत आणि कोरम ५ जणांचा. या पाचांत औषधशास्त्र जाणणारा, प्रॅक्टिस करणारा डॉक्टर, कायदा जाणणारा आणि सामान्य नागरिक यांच्याबरोबर आणखी एक जागा आहे: समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार. ही खुर्ची रिकामी असेल तर कोरम पुरा होत नाही. तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगाशी काय संबंध, असं विचारणाऱ्याला एवढं एक कलम दाखवलं तरी पुरे. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातात जाडजूड प्रोटोकॉल (ट्रायलचा लेखी आराखडा) पडतो आणि नेमकं काय विचारायचं हे सुचत नाही. त्यांच्यासाठी एका वेबसाइटचा हा रिव्ह्यू.

वेबसाइटचं नाव स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी. एडवर्ड झाल्टा यांनी ती १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू केली. वाचायला फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. प्रत्येक नोंद त्या विषयात काम करणाऱ्या अभ्यासकाची असते आणि छापण्याआधी तज्ज्ञ ती तपासतात. वरच पहिल्या प्रकाशनाची आणि शेवटच्या मोठ्या सुधारणेची तारीख असते. ती आधी बघा.

कोशाची खरी किंमत कळते ती पैशांच्या मुद्द्यावर. समजा, वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या रोजंदारी कामगारांना ट्रायलमध्ये घ्यायचं आहे आणि प्रत्येक भेटीचे ८०० रुपये द्यायचं ठरतंय. बैठकीत कोणीतरी म्हणतं, 'हे गरिबाला आमिष आहे, रक्कम कमी करा.' सगळे माना डोलावतात. इथे तीन वेगळ्या तक्रारी एकाच शब्दात कोंबल्या जातात. पहिली जबरदस्तीची: नाही म्हटलं तर माणसाची स्थिती आहे त्याहून वाईट होते. दुसरी प्रलोभनाची: पैशाच्या ओढीने त्याला धोका नीट दिसत नाही. तिसरी शोषणाची: त्याचा थोडा फायदा होतो, पण त्याने उचललेल्या धोक्याच्या मानाने वाटा फार तोकडा पडतो. या तिन्हींवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. प्रलोभनाची भीती असेल तर रक्कम कमी करण्याला काही अर्थ आहे. तक्रार शोषणाची असेल तर रक्कम कमी करून आपण शोषण वाढवतो. आणि जबरदस्ती असेल तर रकमेला हात लावून काहीच होत नाही, ती धमकी काढून टाकावी लागते.

हा भेद समजण्यासाठी 'कोअर्शन' (जबरदस्ती) आणि 'एक्स्प्लॉइटेशन' (शोषण) या दोन नोंदी वाचाव्यात. धमकी आणि देऊ केलेली सवलत यांतला फरक तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९६९ च्या लेखात मांडला, आणि त्यावरचा वाद पहिल्या नोंदीत सविस्तर आहे. 'ट्रायलमध्ये आलात तर तपासण्या फुकट' ही सवलत. 'आला नाहीत तर ओपीडीतलं नेहमीचं औषध बंद' ही धमकी, कारण ते औषध त्याला एरवी मिळणारच होतं. कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) वाचताना हेच शोधायचं: नकार देणाऱ्याला एरवी जे मिळतं ते सगळं चालू राहील, हे स्पष्ट लिहिलंय का?

यानंतर 'इन्फॉर्म्ड कन्सेंट' (माहिती घेऊन दिलेली संमती) आणि 'एथिक्स ऑफ क्लिनिकल रिसर्च' (पेशंटवरच्या संशोधनाची नीती) या नोंदी. त्यांच्या जोडीला दोन कल्पना लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलेला गैरसमज: ट्रायलमधला पेशंट धरून चालतो की इथलं सगळं आपल्यासाठीच, आपल्या उपचारासाठीच ठरवलेलं आहे. आणि नीतितज्ज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांचा १९८७ चा मुद्दा: दोन उपचारांपैकी चांगला कोणता याबद्दल तज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद असेल तर चिठ्ठी टाकून पेशंट दोन उपचारांत वाटणं योग्य ठरतं, एकट्या डॉक्टरचा कल कुठे आहे याने ते अडत नाही. पहिल्यावरून फॉर्मसाठी प्रश्न मिळतो: 'तुम्हाला कोणता उपचार मिळेल हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलं नसेल' हे वाक्य साध्या मराठीत आहे का? दुसऱ्यावरून मुख्य संशोधकासाठी: हा मतभेद आज खरोखर आहे का, की एव्हाना निकाल लागलाय?

वापरायची पद्धत अशी. आधी तुमचा प्रश्न एका मराठी वाक्यात कागदावर लिहा. मग नोंद उघडून अनुक्रमणिकेतून थेट त्या कलमावर जा. नोंदी प्रचंड लांब असतात, पहिल्या ओळीपासून वाचत बसलात तर बैठकीचा दिवस उजाडेल. मिळालेले भेद अर्ध्या पानात उतरवा आणि प्रत्येकापुढे प्रोटोकॉलचा पान क्रमांक टाका. तळाशी संबंधित नोंदींची यादी असते. तिथून वेगळ्या लेखकाची एक तरी नोंद चाळा, कारण तपासलेली असली तरी नोंद एकाच लेखकाच्या नजरेतून आलेली असते. ठरावात उल्लेख करायचा असेल तर चालू पानाची लिंक देऊ नका. कोशाची दर तीन महिन्यांची आवृत्ती जपून ठेवलेली असते, तिची लिंक द्या. चालू पानाचा मजकूर उद्या बदलू शकतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. लोक आधी उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद अशा मोठ्या सिद्धान्तांच्या नोंदी वाचतात आणि बैठकीत त्यांची नावं सांगतात. त्याने डॉक्टर कंटाळतात आणि फॉर्ममधला एकही शब्द बदलत नाही.

कोशाच्या उणिवाही खऱ्या आहेत. सगळं इंग्रजीत, तेही जड. पीडीएफ हवी तर वार्षिक वर्गणी भरून सदस्य व्हावं लागतं. भारतीय नियम इथे शोधू नका. निरक्षर व्यक्तीच्या संमतीला निःपक्षपाती साक्षीदार लागतो, किंवा नव्या रसायनाच्या ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या व्यक्तीच्या संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, हे २०१९ च्या नियमांतच वाचायचं. दोन्ही शेजारी शेजारी उघडी ठेवा.

ताजे शोधनिबंध हवे असतील तर फिलपेपर्स ही तत्त्वज्ञानातल्या लेखनाची ऑनलाइन सूची वापरा. तिचा उपयोग हॉस्पिटलबाहेरही होतो. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत पार्किंग कमी आणि गाड्या जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांचा न्याय्य वाटपावरचा १९९० चा लेख शोधून वाचा: दावे सारखे असतील आणि वस्तू सगळ्यांना पुरत नसेल, तर चिठ्ठी न्याय्य. व्हीलचेअर वापरणाऱ्या सभासदाचा दावा इतरांएवढाच नसतो. त्याची जागा आधी बाजूला काढा, उरलेल्यांच्या चिठ्ठ्या मग टाका.