होमस्कूलिंगची धास्ती: कोणत्या भीतीला कोणता मार्ग?

मुलांना घरी शिकवावं असं मनापासून वाटतं, त्यासाठी प्रार्थनाही चालू आहे, आणि तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशा आईवडिलांसाठी हा आढावा आहे. मंडळीत कुणापाशी मन मोकळं केलं की बहुधा "प्रभूवर भार टाका" हेच ऐकायला मिळतं. ते खरंच आहे, 1 पेत्र 5:7 मध्ये तेच आहे. पण टाकायचा तो भार कसला, हे आधी ओळखायला हवं. मूल अभ्यासात मागे पडेल, मला शिकवायला जमणार नाही, मूल एकटं पडेल, जग त्याला बिघडवेल या चार निरनिराळ्या भीती आहेत. खाली दिलेला प्रत्येक मार्ग यातली एखादी भीती कमी करतो आणि दुसरी एखादी वाढवतो. म्हणून मी सोयींपेक्षा भीतीच्या अंगाने तुलना केली आहे.

त्याआधी कायदा. तो देशागणिक बदलतो, आणि इथे विश्वासाच्या भरात घाई करू नये. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकवता येतं, फक्त नोंदणी आणि परीक्षांचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. 2006 मध्ये तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाची याविरुद्धची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही दाखल करून घेतली नाही. तेव्हा आपण राहतो तिथला नियम पहिल्याच आठवड्यात लेखी मिळवा. निम्मी घालमेल नुसत्या अनिश्चिततेची असते आणि ती या एका कागदाने बसते.

तयार अभ्यासक्रम

सोमवारी काय, मंगळवारी काय, कोणतं पान, कोणता स्वाध्याय, सगळं आखून येतं. ख्रिस्ती प्रकाशनांच्या संचात पवित्र शास्त्राचा पाठही रोजच्या आखणीत असतो. "मूल मागे पडेल" ही भीती यात झपाट्याने कमी होते, कारण कुठे पोहोचलो ते रोज दिसतं.

अडचणही त्याच दिसण्यात आहे. मुलाला ताप आला, आठवडा गेला, पाच पाठ राहिले, की आई मुलाकडे बघायची सोडून पाठ मोजू लागते. ज्यांचा स्वभाव मुळात हिशेबी काळजीचा आहे त्यांना हा संच आधार देता देता जाचू लागतो. अशा घरासाठी मत्तय 6:34 रोज वाचण्याजोगं आहे: उद्याची काळजी उद्यावर. रानात इस्राएल लोकांना मान्नाही दिवसापुरताच मिळत होता. उद्यासाठी साठवलेल्यात किडे पडले (निर्गम 16). आजचा पाठ आज झाला, पुरे.

संच घेण्याआधी विज्ञान आणि इतिहासाची नमुना प्रकरणं वाचाच. "ख्रिस्ती" असा शिक्का असला म्हणजे मजकूर अचूक असतो असं नाही, आणि बरेच संच एका विशिष्ट पंथाच्या दृष्टीने लिहिलेले असतात.

शार्लट मेसनची पद्धत

माझा कल इकडे आहे, आणि तो लपवत नाही. शार्लट मेसन (1842–1923) ही इंग्लंडमधली शिक्षिका. तिचं 'होम एज्युकेशन' 1886 साली आलं. सहा वर्षांच्या आत औपचारिक धडे नकोत, मुलं भरपूर वेळ उघड्यावर असावीत, लहानांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचे असावेत, आणि पाठ्यपुस्तकी तुकड्यांऐवजी जिवंत भाषेतली चांगली पुस्तकं वाचावीत, असं ती सांगते. पद्धतीचा कणा म्हणजे कथन. उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा.

हे घरात कसं दिसतं ते सांगते. सात वर्षांच्या मुलीला हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचून दाखवला. पुस्तक मिटलं, "आता तू सांग" म्हटलं. ती म्हणाली, मेंढपाळाने मेंढरू खांद्यावर घेतलं, कारण ते दमलं होतं. दमल्याचं दाखल्यात कुठेच नाही. ओठावर आलेली दुरुस्ती गिळायची. तिने ऐकलं, मनात चित्र उभं केलं, कारण शोधलं, शब्द जुळवले. प्रश्नपत्रिका न काढता ती कुठवर आली ते कळलं.

"मला जमणार नाही" या भीतीला ही पद्धत सर्वांत चांगलं उत्तर देते. शिकवण्याचा सगळा भार पालकावर नाहीच, सर्व ज्ञानाचा खरा शिक्षक पवित्र आत्मा आहे, गणिताचा आणि व्याकरणाचासुद्धा, असं मेसन मानत असे. हे मनात रुजलं की आईचं काम सोपं होतं: चांगलं पुस्तक समोर ठेवायचं, वेळ पाळायची, ऐकायचं.

मात्र "मूल मागे पडेल" ही भीती इथे वाढते, विशेषतः पहिल्या वर्षी. दाखवायला भरलेल्या वह्या नसतात, आणि आजीआजोबांनी "पाढे कुठवर आलेत?" असं विचारलं की पोटात गोळा येतो. त्यावर माझा सल्ला असा की गणितापुरतं क्रमवार तयार पुस्तक घ्या. गणितात पायरी सुटली की पुढचं अडतं, आणि कथनाने ती भरून निघत नाही.

अभिजात ख्रिस्ती शिक्षणाची एक तिसरी वाटही आहे: आधी पाठांतर, मग तर्क, मग मांडणी. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेच्या 1947 मधल्या निबंधाने आपल्या काळात तिला पुन्हा चालना दिली. वादविवादाची आवड असलेल्या मोठ्या मुलांना ती मानवते. पण घरात कुणाला लॅटिन किंवा तर्कशास्त्राची गोडी नसेल तर ही वाट धास्तीच वाढवते, म्हणून घाबरलेल्या पालकाला सुरुवातीलाच ती सुचवणार नाही.

शाळा आणि घर, दोन्ही

होमस्कूलिंगच्या चर्चेत हा पर्याय कमी श्रद्धेचा समजला जातो. मला ते पटत नाही. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात (6:7) घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी देवाच्या आज्ञांबद्दल बोला असं सांगितलं आहे. ते शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईबापांनाही तितकंच लागू आहे. 1524 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तिथल्या नगरप्रमुखांना ख्रिस्ती शाळा काढण्याचं आवाहन केलं, कारण बऱ्याच आईबापांना शिकवायला सवड किंवा कुवत नसते हे तो जाणून होता. आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून तीमथ्याकडे आलेला विश्वासही (2 तीमथ्य 1:5) कुठल्या अभ्यासक्रमातून आला नव्हता.

उलट टोकाला सुझॅना वेस्ली, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई. तिला 19 मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच दगावली. जगलेल्यांना तिने घरी रोज सहा तास शिकवलं, आणि आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी एकट्याने बोलण्यासाठी राखून ठेवली. जॉनची संध्याकाळ गुरुवारची. हाच जॉन वेस्ली पुढे चार्टरहाउस शाळेत शिकायला गेला. घरी शिकवायला सुरुवात केली म्हणजे शेवटपर्यंत घरीच, असा काही नियम नाही. आणि शाळेत मूल असलं तरी ती गुरुवारची संध्याकाळ कुणालाही जमण्यासारखी आहे.

विश्वासाचं काम आणि आपलं काम

फिलिप्पैकरांस 4:6 लिहिताना पौल बंदिवासात होता. चिंता करू नका एवढंच तो सांगत नाही. प्रार्थना, विनंती आणि आभार मानून मागणी देवाला कळवा, असं सांगतो. मागणी कळवायची तर ती नेमकी असावी लागते. एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. एका बाजूला जे फक्त देवाच्या हाती आहे ते लिहा: मुलाचं मन, उद्याचा दिवस, लोकांची मतं. दुसऱ्या बाजूला जे शिकून किंवा विचारून सुटेल ते: अपूर्णांक कसे शिकवायचे, परीक्षेचा अर्ज कुठे करायचा. "हे प्रभू, मला अपूर्णांक शिकव" या प्रार्थनेचं उत्तर बहुधा मंडळीतल्या एखाद्या गणित शिक्षिकेच्या रूपाने मिळतं. मी जड जिभेचा आहे, असं मोशे म्हणाला तेव्हा देवाने त्याच्या सोबतीला अहरोन दिला. मदत मागितल्याने विश्वास उणा ठरत नाही.

एलीयाने मरण मागितलं तेव्हा दूताने त्याला आधी झोपू दिलं आणि खाऊ घातलं (1 राजे 19), हेही विसरू नका. बऱ्याच जणींची चिंता थकव्यातून आलेली असते. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. होमस्कूलिंगचा निर्णय तोवर थांबू शकतो.

मग निवडायचं काय?

मागे पडण्याची धास्ती मोठी असेल तर तयार संच घ्या, पण आठवड्याचे चारच दिवस आखा, पाचवा मोकळा ठेवा. स्वतःच्या कुवतीबद्दल शंका असेल तर मेसनचे छोटे धडे आणि गणिताचं पुस्तक. मूल एकटं पडेल असं वाटत असेल तर पद्धतीपेक्षा माणसं महत्त्वाची. दोन-तीन कुटुंबांची आठवड्यातून एकदा तरी गाठ पडेल अशी सोय झाल्याशिवाय शाळा सोडू नका. संडे स्कूलचा तासभर त्याला पुरत नाही.

आणि जगाची भीती हेच मुख्य कारण असेल तर थोडं थांबा असं मी म्हणेन. त्या भीतीने दार लावून घेतलं तरी ती घरातच राहते आणि मुलंही ती उचलतात. योहान 17:15 मध्ये येशूची विनंती शिष्यांना जगातून काढून घ्यावं अशी नाही, त्यांना वाइटापासून राखावं अशी आहे. पतिपत्नींनी मिळून काही महिने याच वचनावर प्रार्थना करावी. त्यानंतरही घरी शिकवण्याची ओढ आनंदाची वाटली तर जरूर सुरू करावं. दोघांपैकी एकाचं मन तयार नसेल तर ते तयार होईपर्यंत सुरू करू नये, कारण ओढून आणलेल्या होकाराचा ताण मुलाच्या टेबलावर येतो.

सुरुवात सहामाहीपुरती करा आणि ती संपल्यावर दोघांनी बसून मधोमध रेघ मारलेला तो कागद पुन्हा काढा. शाळेत परत जायचं ठरलं तर ते मुलाला शिक्षा म्हणून सांगू नका. नाव काढण्याआधी मात्र पुन्हा प्रवेश मिळण्याचे नियम, लागणारे दाखले आणि परीक्षेची अट शाळेकडून लेखी घेऊन ठेवा.